लहान कॉलेज घ्यावं का? आधी विभागातली माणसं मोजा

प्रश्न: मुलीला बारावी सायन्सला ७८ टक्के आहेत. नीटचं जमलं नाही, आणि डॉक्टर व्हायची तिची स्वतःचीही आता फारशी इच्छा नाही. रसायनशास्त्र मात्र मनापासून आवडतं, त्यातच बी.एस्सी. करायचं म्हणते. सांगली जिल्ह्यात आमच्या गावापासून १४ किलोमीटरवर तालुक्याला कॉलेज आहे, तिन्ही शाखा मिळून सहाशेच्या आत मुलं. पुण्यातल्या एका मोठ्या कॉलेजच्या यादीतही नाव लागलंय. तिथला राहण्या-जेवणाचा खर्च महिना बारा हजार धरला तर ओढाताण होईल, पण जमवू. नातेवाईक म्हणतात, एवढ्याशा कॉलेजात घालून पोरीचं नुकसान करू नका. काय करावं?

उत्तर:

ताई, मी आधी तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, पुढे शहरातल्या मोठ्या कॉलेजात आलो, आणि कॉलेजांची पाहणी करणाऱ्या विद्यापीठाच्या स्थानिक चौकशी समित्यांवर असताना पुष्कळ कॉलेजं आतून पाहिली. त्यावरून सांगतो, कॉलेज सहाशे मुलांचं आहे की सहा हजारांचं यावर फार काही ठरत नाही. तुमच्या मुलीच्या विषयाचा विभाग किती माणसांवर उभा आहे, यावर ठरतं. मोठ्या कॉलेजात एखादे सर कच्चे निघाले तरी विभागात आणखी सात-आठ जण असतात. लहान कॉलेजात रसायनशास्त्र म्हणजे तीन माणसं, कधी दोनच. ती चांगली असली तर पुण्यात सहसा मिळत नाही असं शिक्षण मिळतं. नसली तर तीन वर्षं दुसरीकडे जायला जागा नसते. नातेवाइकांनी कॉलेजची मुलं मोजली, तुम्ही विभागातली माणसं मोजा.

मोजायची कशी ते सांगतो. प्राचार्यांना किंवा विभागप्रमुखांना सरळ विचारायचं, रसायनशास्त्राला मंजूर पदं किती आणि त्यातली भरलेली किती? आपल्याकडे अनुदानित कॉलेजातलं पद रिकामं झालं की शासनाच्या परवानगीशिवाय ते भरता येत नाही, आणि ही परवानगी वर्षानुवर्षं येत नाही. तोवर तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, माणसं घेतात. सीएचबीवाल्यांबद्दल माझ्या मनात तुच्छता अजिबात नाही. त्यांच्यातले कितीतरी नेट-सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालेले, पीएच.डी. केलेले आहेत, आणि काही तर कायम प्राध्यापकांपेक्षा मन लावून शिकवतात. पण त्यांची नेमणूक वर्षापुरती असते आणि बहुतेकदा कॉलेज सुरू होऊन महिना-दोन महिने गेल्यावर होते. पैसे तासावर मिळत असल्यामुळे एकाच दिवशी दोन कॉलेजं गाठावी लागतात. यंदा ज्यांनी पोरीला तयार केलं ते पुढच्या वर्षी असतीलच असं नाही. म्हणजे विभागात कायम माणूस एकच आणि बाकी सगळा कारभार सीएचबीवर असेल, तर तो विभाग एका माणसाच्या तब्येतीवर चालला आहे असं समजा.

दुसरा प्रश्न जरा अवघड वाटेल, पण विचारा: सरांची निवृत्ती कधी? अध्यापकांचं निवृत्तीचं वय साठ आहे. मुलगी पहिल्या वर्षाला असताना सर अठ्ठावन्नचे असतील तर ती तिसऱ्या वर्षाला जाईपर्यंत ते गेलेले असतील, आणि त्यांची जागा भरली जाईल याची हमी कुणीच देणार नाही. कॉलेज एखाद्या मोठ्या शिक्षणसंस्थेची शाखा असेल तर बदल्यांचंही विचारून घ्या. पालक निकाल विचारतात, इमारत बघतात, सीसीटीव्ही आहे का तेही विचारतात. हा साधा हिशेब कुणी मांडत नाही.

तोंडी उत्तरावर विसंबायचं नसेल तर कॉलेजच्या संकेतस्थळावर नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या संस्थेसाठी, केलेला स्वयंमूल्यमापन अहवाल आणि दरवर्षीचा गुणवत्ता अहवाल ठेवलेला असतो. त्यातल्या दुसऱ्या निकषात मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती, पीएच.डी. आणि नेट-सेटवाले किती, हे असतं. पाचव्या निकषात किती मुलं पुढच्या शिक्षणाला गेली ते असतं, बऱ्याचदा नावानिशी. नॅकची श्रेणी दारावर मोठ्या अक्षरात लावलेली असेल. ती सगळ्या कॉलेजची असते, रसायनशास्त्राची नव्हे. कला शाखा जोरात आणि विज्ञान शाखा कशीबशी चाललेली, असं एकाच श्रेणीखाली सुखाने नांदतं.

आता प्रयोगशाळा. लहान कॉलेजचा खरा फायदा मिळाला तर इथेच मिळतो. शहरातल्या मोठ्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या एका तुकडीत शंभर-सव्वाशे मुलं असतात. प्रॅक्टिकलला बॅचेस पाडल्या तरी एका ब्यूरेटभोवती, म्हणजे थेंब-थेंब द्रावण सोडायच्या मापाच्या नळीभोवती, दोघं-तिघं उभी असतात. त्यातलं एक हुशार पोरगं अनुमापन (थेंब मोजून द्रावणाची तीव्रता काढणं) करतं आणि बाकीचे आकडे उतरवून घेतात. तीन वर्षांत स्वतःच्या हाताने एकही अनुमापन नीट न केलेली, पण पहिल्या वर्गात पास झालेली मुलं मी पाहिली आहेत. पंधरा-वीस मुलांच्या बॅचमध्ये असं लपता येत नाही. रंग बदलायच्या आधी थेंब कसा हळू सोडायचा हे तिलाच करावं लागतं, चुकलं तर सर तिथेच उभे असतात आणि पुन्हा करायला लावतात. रसायनशास्त्र हा हाताने शिकायचा विषय आहे आणि हाताला वेळ लागतो.

मात्र प्रयोगशाळा जिवंत असली पाहिजे. समिती यायची असते त्या दिवशी सगळीकडे फिनेल मारलेलं असतं आणि प्रत्येक उपकरणावर नावाची नवी चिठ्ठी असते, तसल्या दिवसाचा उपयोग नाही. वर्ग सुरू झाल्यावर एखाद्या साध्या बुधवारी-गुरुवारी, न कळवता, दुपारी प्रॅक्टिकलच्या वेळी मुलीला घेऊन जा. तुम्हाला रसायनशास्त्र येत नसलं तरी चार गोष्टी कळतील. पीएच मीटर, म्हणजे आम्लता मोजायचं यंत्र, बघायला मागा. त्याचं इलेक्ट्रोड द्रावणात बुडवून ठेवावं लागतं. ते कोरडं पडून खोक्यात असेल तर त्या यंत्राला कित्येक महिन्यांत कुणी हात लावलेला नाही. द्रावणांच्या बाटल्यांवर तयार केल्याची तारीख आहे का बघा. सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीत आहे की साध्या पांढऱ्या, हेही बघा, कारण ते उजेडाने खराब होतं आणि काळजी घेणारा परिचर ते विसरत नाही. महागडं यंत्र, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर वगैरे, आच्छादनाखाली असेल तर त्याची वापराची नोंदवही मागा. आणि तिसऱ्या वर्षाच्या कुणा मुलीचं जर्नल चाळा. सगळ्यांच्या जर्नलमध्ये शेवटच्या दशांशापर्यंत तीच उत्तरं असतील तर प्रयोग एकानेच केला, किंवा कुणीच नाही.

बसचं वेळापत्रकही विचारात घ्या. हसू नका. खेड्यातून येणाऱ्या मुलांची परतीची एसटी साडेचारची असेल आणि प्रॅक्टिकल पाचपर्यंत असेल, तर सव्वाचारला अर्धी प्रयोगशाळा रिकामी होते आणि सरही मग चारलाच आवरतं घ्यायला लागतात. तीन वर्षांत किती तास असे बुडतात याचा हिशेब कोणत्याच अहवालात नसतो.

लहान कॉलेजमध्ये नुकसान कुठे होतं तेही सांगतो, कारण ते होतंच. पहिलं विषयांच्या निवडीत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेचा ऐच्छिक विषय), कौशल्याचे अभ्यासक्रम अशी रचना आली. विद्यापीठाच्या कागदावर मायनरची यादी लांबलचक असते. कॉलेजात मात्र ज्या विभागाला माणूस आहे आणि ज्याला वर्कलोड, म्हणजे शिकवायचे पुरेसे तास, हवाय, त्याचाच मायनर मिळतो. तुमच्या मुलीला रसायनशास्त्राबरोबर भौतिकशास्त्र किंवा गणित हवं असेल आणि तिथे फक्त वनस्पतिशास्त्र चालत असेल, तर तो मोठा मुद्दा आहे. पुढे भौतिक रसायनशास्त्रात गणित लागतंच, आणि एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षांतही लागतं. त्यामुळे 'कोणते मायनर आहेत' असं विचारू नका. 'गेल्या वर्षी प्रत्यक्षात कोणते चालले आणि त्यात किती मुलं होती' असं विचारा.

तसंच तिसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र मेजर घेणारी मुलं गेली तीन वर्षं किती होती, हेही. पहिल्या वर्षाला साठ दिसतात. त्यातली काही डी.फार्म.ला जातात, काही पुन्हा नीट देतात, मुलींची लग्नं होतात, आणि तिसऱ्या वर्षाला आठ उरतात. आठ मुलांचा वर्ग वाईट नसतो, उलट मजा येते. पण आकडा दरवर्षी घसरत असेल तर तुकडीच बंद पडायची भीती असते. संलग्नीकरण, म्हणजे विद्यापीठाची मान्यता, कायम आहे की वर्षावर्षाला घ्यावं लागतं, हेही त्याच वेळी कळून घ्या.

चौथ्या वर्षाचं दोन वाक्यांत. चार वर्षांची संशोधनासह ऑनर्स पदवी द्यायची तर विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम अध्यापक लागतात, आणि विद्यार्थ्याला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के. लहान कॉलेजात हे क्वचित जुळतं, तेव्हा तिथे तीन वर्षांचाच विचार करा. तीन वर्षांनंतर दोन वर्षांची एम.एस्सी. हा रस्ता आहेच.

आता सगळ्यात मोठी उणीव, जिची भरपाई सगळ्यात कठीण आहे: बरोबरची मुलं. लहान कॉलेजात पहिलं येणं सोपं असतं. अंतर्गत गुण सैल हाताने दिले जातात, कारण सगळे एकमेकांना ओळखतात आणि कुणाला दुखवायचं नसतं. पोरगी तीन वर्षं पहिली येते, कौतुक होतं, सत्कार होतो, आणि मग एम.एस्सी. प्रवेशासाठीच्या आयआयटीच्या जॅम परीक्षेचा पेपर हातात आला की तिला पहिल्यांदा कळतं की बाहेरची मुलं कुठवर पोचली आहेत. पुण्याच्या वर्गात शेजारचा मुलगाच जॅमची पुस्तकं घेऊन बसलेला असतो, तो धक्का पहिल्या वर्षालाच बसतो आणि फुकट बसतो.

यावर उपाय आहे, पण तो कॉलेज करणार नाही, मुलीला आणि तिच्या सरांना करावा लागेल. जॅमचे जुने पेपर दुसऱ्या वर्षापासून सोडवायला घ्यायचे, मार्कांसाठी नव्हे, पातळी कळावी म्हणून. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्यांचा पदवीच्या मुलांसाठी एनआययूएस नावाचा उपक्रम आहे, त्यात रसायनशास्त्राची शिबिरं असतात. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिला कोणत्याही कॉलेजचं मूल अर्ज करू शकतं. अशा अर्जाला शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, आणि इथे लहान कॉलेजचं पारडं एकदम जड होतं. सव्वाशे मुलांच्या वर्गातले सर 'विद्यार्थिनी हुशार व होतकरू आहे' एवढंच लिहू शकतात. ज्यांनी तिला तीन वर्षं रोज काम करताना पाहिलंय ते सर लिहितात की हिने अमुक प्रयोगातलं विचित्र उत्तर सोडून न देता चारदा करून पाहिलं आणि चूक द्रावणात होती हे शोधलं. निवड करणाऱ्याला यातलं खरं पत्र कोणतं ते लगेच कळतं. तेव्हा त्या कॉलेजात विचारा, गेल्या पाच वर्षांत असं कुठे कुणी गेलंय का? एकही नसेल तर सरांना बाहेरचं जग माहीत नाही किंवा त्याची हौस उरलेली नाही.

सहाव्या सत्रात प्रत्यक्ष कामाचा अनुभव, म्हणजे ओजेटी, करावी लागते. पुण्याजवळ कुरकुंभची एमआयडीसी, औषध कंपन्या, संशोधन संस्था असं सगळं आहे, त्यात शंका नाही. पण तिथे रांगही तेवढीच मोठी असते आणि बरीच मुलं शेवटी कुठूनतरी प्रमाणपत्र मिळवतात. सांगली जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, आणि गळीत हंगाम नेमका सहाव्या सत्राच्या सुरुवातीला जोरात असतो. कारखान्याच्या प्रयोगशाळेत रात्रंदिवस रसाचं ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ) आणि पोल (साखरेचं प्रमाण) काढणं चालू असतं, चुना आणि गंधकाच्या वायूने रस शुद्ध करताना पीएच सांभाळावा लागतो. तिथे दीड-दोन महिने पाळीत काम केलेली मुलगी गुणवत्ता नियंत्रणाच्या मुलाखतीत ठामपणे बोलते. कॉलेजचे आणि कारखान्याचे संबंध असले तर हे एका फोनवर होतं. फक्त मुलींना पाळीत घेतात का, आणि घेतलं तर येण्याजाण्याचं काय, एवढं आधी विचारून ठेवा.

आता जरा घरातलं बोलतो, राग मानू नका. मुलगी तालुक्याच्या कॉलेजात म्हणजे घरून जाऊन-येऊन. पैसे वाचतात, एसटीचा पास सवलतीत मिळतो, घरचं जेवण मिळतं. पण सकाळी पाण्याची वेळ, द्राक्षांच्या छाटणीला माणूस कमी, आजी आजारी, पाहुणे आले, अशा प्रत्येक वेळी 'आजच्या दिवस राहा घरी' हे वाक्य पुण्यात असलेल्या मुलीला कुणी म्हणू शकत नाही. दुसऱ्या वर्षाला स्थळं यायला लागतात. लहान कॉलेजात सर वडिलांना ओळखतात, शिपाई मामाच्या गावचा असतो, कॅन्टीनमध्ये कुणाबरोबर चहा घेतला हे संध्याकाळपर्यंत घरी कळतं. काही मुलींना या ओळखीचा आधार वाटतो आणि त्या फुलतात, काहींचा श्वास कोंडतो. तुमची मुलगी यातल्या कोणत्या प्रकारची आहे, हे मला इथून सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही कदाचित पूर्ण माहीत नसेल. तिलाच विचारा, आणि बाबा समोर नसताना विचारा.

स्वभावाचा दुसरा भाग सोपा आहे. वर्ग संपल्यावर अडलेलं विचारायला जी टेबलापाशी जाते, तिला लहान कॉलेज भरभरून देतं, कारण टेबलापाशी गर्दी नसते. जी गप्प बसते, तिला मोठ्या कॉलेजात कुणी ओळखतही नाही. लहान ठिकाणी निदान तिची हजेरी नसली तर सर विचारतात. म्हणून अबोल मुलांसाठी मी सहसा लहान कॉलेजकडेच झुकतो. आणि जिला आधीच नाटक, वादविवाद, ट्रेकिंग असं सगळं हवंय, दहा ठिकाणी नाक खुपसायचंय, तिला सहाशे मुलांच्या कॉलेजात दिवाळीपर्यंत कंटाळा येतो.

माझा निर्णय विचाराल तर असा. तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राला किमान दोन कायम अध्यापक असतील, दोघांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून जास्त अवकाश असेल, इलेक्ट्रोड ओलं असेल आणि मायनरला भौतिक किंवा गणित मिळत असेल, तर मी पुण्याचे पैसे खर्च करणार नाही. महिना बारा हजार म्हणजे वर्षाचे दहा महिने धरले तरी तीन वर्षांचे साडेतीन लाखांच्या वर जातात. तेच पैसे एम.एस्सी.साठी ठेवा, तेव्हा चांगल्या विभागात बाहेर राहण्याचा उपयोग बी.एस्सी.पेक्षा कितीतरी जास्त होतो. यातली पहिलीच अट, माणसांची, पुरी होत नसेल तर मात्र जवळचं आणि स्वस्त आहे म्हणून तिथे घालू नका. पुण्याची जागा घ्या.

आणि पुणे की तालुका एवढेच दोन रस्ते आहेत असंही नाही, हे तुमच्या प्रश्नात कुठेच आलं नाही. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ पासून आहे, कोल्हापूरचं राजाराम कॉलेज तर १८८० पासून. दोन्ही ठिकाणी विज्ञान शिकवण्याची जुनी परंपरा आहे, पुण्यापेक्षा राहणं स्वस्त आहे, आणि शनिवारी घरी येता येतं. तिथलेही विभाग याच पद्धतीने तपासा, जुन्या नावावर जाऊ नका. विद्यापीठही तेच, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, म्हणजे तालुक्याला पहिलं वर्ष करून पुढे तिकडे जायचं ठरलं तरी अभ्यासक्रमाची फार ओढाताण होत नाही. फक्त दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी असेल तरच घेतात, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवून प्रवेश घेऊ नका.

यादीची मुदत आधी संपेल आणि तुमची पाहणी नंतर होईल, अशी अडचण येणार आहे. अशा वेळी जिथे मुदत आधी आहे तिथे पैसे भरून जागा धरून ठेवा. पैसे भरण्याआधी फी परतीचे नियम लेखी घ्या, पावती जपा. दाखला आणि गुणपत्रिकेच्या मूळ प्रती कार्यालयाने तपासून लगेच परत द्यायच्या असतात, त्या कॉलेजने अडकवून ठेवायच्या नाहीत असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच कळवलेलं आहे. खिडकीवरचा माणूस 'मूळ दाखला जमा केल्याशिवाय प्रवेश नाही' म्हणाला तर भांडत बसू नका. सरळ प्राचार्यांकडे जा आणि तपासणी झाल्यावर दाखला परत मिळेल असं पावतीवर लिहून घ्या. साक्षांकित प्रतींचे तीन-चार संच आजच करून ठेवा.